गादीवाफा

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता वाकणं बंद."
मी विचारलं, "आणि गाजरं?"
त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी विनोद केला.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी,
दाउगावाकाठचा चिखल पायांतले बूट ओढून घेत होता तेव्हा,
लार्चच्या चोवीस फळ्या आणल्या,
कोपऱ्यांना खिळे ठोकले
आणि माती कमरेवर घेतली,
नातवाला घेतात तशी.

तळाशी पुठ्ठे, वर बर्चचे कुजके ओंडके,
पानं, कोंबडीखत,
आणि सगळ्यात वर विकतची माती, चाळीस पोती.
माती, विकत!
आईला कळलं असतं तर तिनं आधी
कपाळाला हात लावून माझा ताप बघितला असता.

इल्ग्वार्स कुंपणापलीकडून बघत होता.
त्याची बाग अजून जमिनीवरच आहे.
"गादी झक्क झालीय, वेल्टा. उशी कधी आणतेस?"

मी काही बोलले नाही.
तीन आठवड्यांनी त्याची कुदळ
गार चिकणमातीत रुतून बसली होती
आणि मी लाल मुळ्यांची पहिली जुडी
त्याच्या हातात ठेवली.
मीठही नेलं होतं सोबत,
बोलायला जागा नको.

जूनमध्ये गादीनं रंग दाखवले.
सोळा दिवस ढग नाही. नदी हाकेच्या अंतरावर
आणि माझी माती फळ्यांपासून सुटलेली,
म्हाताऱ्याच्या दातांसारखी.
काकड्या कडू. शेपू दुपारीच मान टाकायचा.
गादीवर बसलेल्यांना सगळं हातात द्यावं लागतं:
झारी, बादली, झारी, बादली.
गुडघ्यांचं वाचवलेलं खांद्यांनी फेडलं.
त्याच्या बटाट्यांना कुणी विचारतही नव्हतं,
त्यांची मुळं खोल जाऊन
आपलं आपण बघत होती.
एका संध्याकाळी कुंपणाखालून
त्याच्या नळाची नळी आली.
नळीसोबत शब्द आला नाही, हे बरं झालं.

गोगलगायींचं सांगायचं राहिलं.
फळ्यांच्या सांध्यांत त्या भाडं न देता राहतात.
रात्री बॅटरी आणि लोणच्याची रिकामी बरणी घेऊन
चौदा मोजल्या, सत्तावीस मोजल्या,
मग मोजणं सोडलं.
आणि एका जानेवारीत गारठा चारी बाजूंनी शिरून
तीन वर्षांच्या स्ट्रॉबेऱ्या घेऊन गेला.
जमिनीला बाजू नसतात,
हे तेव्हा लक्षात आलं.

तरी त्या ऑगस्टचं काय करू?
अकरा दिवस पाऊस.
त्याच्या सऱ्यांत आभाळ दिसत होतं.
बटाटा धरला की बोटांत विरघळायचा.
माझी बीटं कोरड्या पायांनी उभी,
जणू बंदरावर कुणाला घ्यायला आलेली.
मी जिंकले म्हणायला हवं होतं.
पण त्याच्या बुटांत पाणी वाजत होतं
आणि बादली रिकामी होती.
मी अर्धी बीटं उपटली. त्यानं पानंसुद्धा ठेवून घेतली.

आत ओंडके कुजतात, तशी गादी दरवर्षी वीतभर खाली बसते.
पुन्हा पोती. पुन्हा आईचा हात कपाळाला.
यंदा, सहाव्या वर्षी, दक्षिणेची फळी
बिस्किटासारखी तुटली
आणि पोत्यांची माती चिकणमातीवर जाऊन पडली,
वर पार्सली तशीच, हिरवीगार,
काही झालंच नाही अशी.

इल्ग्वार्स पहार घेऊन आला.
कुजकी फळी काढली. खाली वाकला
आणि जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.
मी पार्सलीकडे बघत राहिले.

"फळी केवढ्याला पडते गं हल्ली?"
"महाग. आणि ही पाणी फार पिते."
"गोगलगायी?"
"त्या फुकट."

त्यानं खिशातून टेप काढली,
एक टोक माझ्याकडे दिलं,
दुसरं स्वतःच्या कमरेशी धरलं.
मग इकडेतिकडे बघून
चार बोटं वर सरकवलं.